पुस्तक बदलले, बाईंनी काय करावे?

इंदूरहून एका शिक्षिकेचे पत्र आले आहे. नाव छापू नये, अशी त्यांची विनंती आहे. केंद्रीय मंडळाशी (सीबीएसई) संलग्न असलेल्या एका खासगी शाळेत त्या चोवीस वर्षे सहावी ते आठवीला गणित शिकवत आहेत. त्या लिहितात : ‘आधी सहावीचे पुस्तक बदलले, मग सातवी-आठवीचे. पुस्तकात गप्पा, कोडी आणि चित्रे पुष्कळ आहेत. सोडवायला उदाहरणे मात्र कमी. पालकसभेत पालक रिकाम्या वह्या उघडून दाखवतात. वरिष्ठ म्हणतात, पाठांतर बंद, आता कृती घ्या आणि तिचे फोटो ग्रुपवर टाका. मी वर्गाचे दार लावून जुन्या पुस्तकाच्या झेरॉक्स प्रती मुलांना देते आणि तास संपण्याआधी परत घेते. नव्या पद्धतीने शिकवावे तर पोर्शन पुरा होत नाही, जुन्या पद्धतीने शिकवावे तर अपराधी वाटते. आजवर शिकवले ते सगळे चुकीचेच होते का? राजीनामा द्यावा असे मनात येते. काय करावे?’

बाई,

स. न. वि. वि. (इंदुरातल्या शाळांत आता सगळ्याच जणी ‘मॅम’ झाल्या आहेत हे ठाऊक आहे, पण माझ्या जिभेला ते वळण नाही, तेव्हा ‘बाई’च चालवून घ्यावे.)

आधी त्या झेरॉक्स प्रतींविषयी. मुलांना सराव देणे हा अपराध नाही आणि तो अपराध आहे असे कोणत्याही सरकारी कागदात लिहिलेले नाही. राष्ट्रीय शिक्षण धोरणाला केंद्रीय मंत्रिमंडळाने २९ जुलै २०२० रोजी मंजुरी दिली. त्यावर आधारलेला शालेय शिक्षणाचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २०२३ च्या ऑगस्टमध्ये आला, आणि तुमच्या टेबलावरचे ‘गणित प्रकाश’ हे नवे पाठ्यपुस्तक सहावीसाठी २०२४ मध्ये व सातवी-आठवीसाठी २०२५ मध्ये आले. धोरणाचा आक्षेप आहे तो संकल्पना बाजूला ठेवून केवळ परीक्षेपुरत्या केलेल्या घोकंपट्टीला. ‘समजल्याशिवाय घोकू नका’ इतका त्याचा साधा अर्थ. पण दिल्लीहून भोपाळमार्गे इंदूरच्या शाळेपर्यंत येता येता त्यातला पहिला शब्द वाटेत गळून पडला आणि तुमच्या वरिष्ठांच्या हाती फक्त ‘घोकू नका’ एवढेच लागले.

तुमचे पत्र दोनदा वाचल्यावर मला असे वाटते की तुम्हाला अडते आहे ते क्रमापाशी. जुन्या पुस्तकाचा क्रम आपल्या हाडीमाशी भिनलेला आहे : व्याख्या, एक सोडवलेले उदाहरण, मग त्याच साच्यातली दहा उदाहरणे, आणि सर्वांत शेवटी शाब्दिक उदाहरणे, ज्यांच्यापर्यंत आपण फेब्रुवारीत कसेबसे पोहोचत असू. नवे पुस्तक प्रश्नापासून निघते, मुलांना थोडे चाचपडू देते, त्यांना जे दिसले त्याला नाव देते, मग नियम सांगते, आणि सरावापाशी येऊन जरा लवकरच थांबते. ते जिथे थांबते तिथून पुढे तुमची चोवीस वर्षे कामाला यायची आहेत. म्हणून तीच पाने द्या, दार उघडे ठेवून द्या, मुलांना घरी नेऊ द्या. फक्त धड्याच्या आरंभी देत असाल तर ती धड्याच्या शेवटी द्या.

हे हवेतले बोलणे वाटू नये म्हणून सहावीच्या तिसऱ्या धड्यातली कापरेकरांची गोष्ट घेतो. द. रा. कापरेकर देवळालीच्या शाळेत मास्तर होते. विद्यापीठातली खुर्ची नाही, हाताशी संगणक नाही, आणि तरी त्यांच्या नावाची संख्या आज जगभर ओळखली जाते. मराठी घरातून आलेल्या मुलांना हे आवर्जून सांगा. कोणतीही चार अंकी संख्या घ्यायची, सगळे अंक सारखे नसले म्हणजे झाले. समजा ३५२४. तिच्या अंकांची मोठ्यात मोठी संख्या ५४३२ आणि लहानात लहान २३४५, वजाबाकी ३०८७. पुन्हा तसेच : ८७३० वजा ०३७८, उत्तर ८३५२. पुन्हा : ८५३२ वजा २३५८, उत्तर ६१७४. इथून पुढे कितीही वेळा केले तरी ६१७४ च येते, आणि कोणत्याही संख्येपासून निघाले तरी जास्तीत जास्त सात पायऱ्यांत तिथे पोहोचता येते.

आता हा तास गणिताच्या बाईंच्या डोळ्यांनी पाहा. चाळीस मुलांनी सरासरी तीन-चार पायऱ्या केल्या, तरी वर्गात शंभराहून अधिक हातच्याच्या वजाबाक्या झाल्या, आणि त्याही कोणी न कुरकुरता. जुन्या पुस्तकातली इतकी उदाहरणे एका तासात सोडवून घेतली असती तर मागच्या बाकांवर जांभयांची साथ आली असती. त्याहून मोलाची गोष्ट अशी, की ज्याचे ६१७४ येत नाही त्याला आपण कुठेतरी चुकलो हे तुमच्या लाल पेनाआधीच कळते आणि तो स्वतःच मागे जाऊन हातचा शोधू लागतो. एक खाचखळगा मात्र आधीच सांगून ठेवतो. २१११ घेतलेल्या मुलाची पहिली वजाबाकी ९९९ येते. त्याने ती ०९९९ अशी लिहिली नाही तर पुढच्याच पायरीला त्याच्या हाती शून्य येते आणि तो ‘पुस्तक खोटे आहे’ असे जाहीर करतो. त्या शून्याची किंमत समजावण्याची याहून चांगली संधी वर्षभरात मिळणार नाही.

या तासानंतर मुलांना वहीत तारीख घालून वर ‘चार अंकी वजाबाकी : सराव’ असा मथळा लिहायला लावा. हसू नका. पालक ज्या वहीला रिकामी म्हणतात ती बऱ्याचदा रिकामी नसते. तीत ‘स्वाध्याय ३.२’ असा ओळखीचा मथळा नसतो, इतकेच. ‘इडली-वडा’ हा पटीचा खेळही तसाच आहे. तीनच्या पटीला ‘इडली’, पाचच्या पटीला ‘वडा’, दोन्हींच्या पटीला ‘इडली-वडा’; आपल्या गावात त्याचे ‘पोहे-जलेबी’ केले तर पंधराच्या पटी मुले जन्मभर विसरणार नाहीत. पण खेळ संपल्यावर सामाईक पटी वहीत लिहून घेतल्या नाहीत, तर तो खेळ खेळच राहतो आणि मग पालकांचे म्हणणे खरे ठरते.

दुसरे उदाहरण माझ्याच चुकीचे आहे. १/२ अधिक १/३ याचे उत्तर २/५ लिहिणारी मुले तुम्हाला दरवर्षी भेटत असतील. वरचे वर, खालचे खाली. मुलांच्या दृष्टीने अगदी तर्कशुद्ध. नोकरीची पहिली कितीतरी वर्षे मी त्यावर लाल काट मारली, शेजारी ‘छेद समान करा’ असे लिहिले आणि पुढची वही ओढली. तीच मुले सहामाहीत तीच चूक करत, आणि मी स्टाफरूममध्ये ‘लक्षच देत नाहीत’ म्हणून चहा पीत असे. पुढे एका वर्षी काट मारण्याऐवजी विचारले, ‘अर्धी पोळी ताटात होती. तीत आणखी एक तृतीयांश वाढली. आता ताटात अर्धीपेक्षा कमी पोळी कशी उरली?’ दोन पंचमांश अर्ध्याहून लहान असतात हे त्या मुलाच्या लक्षात यायला दोन मिनिटे लागली. कागदाची पट्टी पाच भागांत दुमडून त्याने ते स्वतः पाहिले, आणि मग छेद समान करण्याची गरज त्यालाच वाटू लागली. नव्या पुस्तकाला तुमच्याकडून हवे आहे ते एवढेच. गंमत अशी की ६२८ सालच्या ब्रह्मगुप्ताची म्हणून जी बेरजेची पद्धत त्यात दिली आहे, ती तुम्ही-आम्ही आजवर शिकवत आलो तीच छेद समान करण्याची पद्धत आहे. चोवीस वर्षे चुकीचे शिकवले असते तर ब्रह्मगुप्तही तुमच्याबरोबर चुकला असता. पोळीचा प्रश्न आधी, पद्धत नंतर, आणि तुमच्या झेरॉक्समधल्या बारा बेरजा सर्वांत शेवटी. त्या बाराच्या बाराही हव्यात, आठ चालणार नाहीत.

पाढ्यांबाबत मी कोणाचेही ऐकणार नाही, आणि तुम्हीही ऐकू नका. ४ डिसेंबर २०२४ रोजी देशभर झालेल्या ‘परख’ सर्वेक्षणात सहावीच्या मुलांपैकी जेमतेम ५३ टक्के मुलांना दहापर्यंतचे पाढे आणि मूळ क्रिया नीट येत असल्याचे दिसले. ज्याला सात आठे छप्पन आठवायला बोटे लागतात त्याने अवयव कधी पाडायचे आणि आकृतिबंध कधी शोधायचे? पाढा पाठ असणे म्हणजे डोके मोकळे असणे. सकाळच्या पहिल्या पाच मिनिटांत पाढे म्हणून घ्या, आणि कोणी विचारले तर ते मौखिक गणित आहे असे सांगा, कारण ते खरोखरच मौखिक गणित आहे. इंदूरच्या मराठी मुलांची याबाबतीत आणखी एक ओढाताण असते. आजी घरी ‘तीन दुणे सहा’ म्हणते, शेजारी ‘तीन दूनी छह’ आणि शाळा ‘थ्री टूज आर सिक्स’. नव्या धोरणानेच शक्य तिथे निदान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवण्याचा आग्रह धरला आहे. तेव्हा मुलाने मनातल्या मनात कोणत्या भाषेत पाढा म्हणावा यावर वर्गात बंधन घालू नका. उत्तर इंग्रजीत लिहिले म्हणजे झाले.

आणि त्या आजीला शक्य असेल तर एकदा वर्गात बोलवा. तिला पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, म्हणजे अपूर्णांकांचे पाढे, येत असतील. सात पाऊण सव्वापाच, हे ती डोळे मिटून सांगेल. सहावीच्या मुलाला ७ × ३/४ = ५ १/४ हे कागदावर मांडायला आज अर्धे पान लागते. हाच मुलगा सराफ्यात किंवा गल्लीतल्या दुकानात ‘ढाई सौ ग्राम सेंव’ मागतो आणि आपण अडीच गुणिले शंभर बोललो हे त्याच्या गावीही नसते. भारतीय गणितपरंपरेचा गौरव करणारी चौकट पुस्तकात असते ती असते. ही परंपरा मात्र अजून रामबागेतल्या एखाद्या घरात तोंडपाठ बसलेली आहे.

आता पोर्शनविषयी, कारण तुमची झोप तिथे उडाली आहे. तुमची तक्रार रास्त आहे. नवे पुस्तक चाचपडायला वेळ मागते आणि शाळेचा तास चाळीस मिनिटांचा चाळीसच राहतो. २०२४ मध्ये सहावीचे पुस्तक तर सत्र सुरू होऊन गेल्यावर हाती आले आणि तोवरचा महिना सेतू अभ्यासक्रमावर काढावा लागला. धोरणाने शिक्षकासाठी वर्षाला निदान पन्नास तास प्रशिक्षण सांगितले आहे. पण पडद्यावरच्या स्लाइड्स कोणीतरी वाचून दाखवणे याला मी प्रशिक्षण म्हणत नाही, आणि तुमच्या पत्राचा सूर पाहता तुम्हीही म्हणत नसाव्यात. हे दोष सुधारणा करणाऱ्यांचे आहेत, ते स्वतःच्या माथी घेऊ नका. मुख्याध्यापकांकडे मागायचीच तर एक गोष्ट मागा : आठवड्यातून एकदा लागोपाठचे दोन तास. शोधण्याचे काम त्या जोड तासात, बाकीचे दिवस नियम आणि सराव. वेळापत्रकात बाकी काहीही हलवावे लागत नाही, म्हणून ही मागणी बहुधा मान्य होते.

शिवाय सगळ्या धड्यांना सारखा वेळ देण्याची सवय सोडा. नववीत जी मुले कोसळतात ती माझ्या अनुभवात तीन ठिकाणी कोसळतात : अपूर्णांक, ऋण चिन्ह आणि अक्षर. म्हणून सहावीत अपूर्णांक आणि शून्याच्या पलीकडच्या संख्या, सातवीत अक्षरे वापरून केलेल्या पदावल्या, इथे मुक्काम करा. सहावीच्या पुस्तकात ऋण संख्यांसाठी जमिनीखालचे मजले असलेली इमारत दिली आहे, तीत मुलांना वर-खाली मनसोक्त हिंडू द्या. ‘ऋण वजा ऋण’ हे तिथे लिफ्टने कळते, ते फळ्यावरच्या नियमाने कळत नाही. सममिती चित्रकलेच्या बाईंच्या मदतीने घ्या. माहितीचे आलेख घरी करायला द्या, कॉलनीत कोणाकडे किती सायकली आहेत हे मुले हौसेने मोजून आणतात.

पालकांशी बोलताना धोरणाचे नाव काढू नका. २०१९ मध्ये महाराष्ट्रात बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘बासष्ट’ या वाचनाबरोबर ‘साठ दोन’ असेही वाचन सुचवले गेले तेव्हा काय गदारोळ झाला, ते तुम्हाला इंदुरातही कळले असेल. समितीच्या वतीने मंगला नारळीकरांनी कारणे शांतपणे समजावून सांगितली, पण तोवर विनोद घरोघर पोहोचले होते. गणिताच्या पुस्तकातला बदल पालकांना कारण कळण्याच्या आत दिसतो, आणि मग कारण ऐकायला कोणी थांबत नाही. म्हणून येत्या पालकसभेत भाषण करू नका. प्रत्येकाला कागद द्या आणि ६१७४ करायला लावा. खजुरी बाजारातून जाडजूड सरावपुस्तक आणून देणारे वडीलही तिसऱ्या पायरीला हातचा चुकतात, हे मी पाहिलेले आहे. त्यानंतर एकाच मुलाच्या वहीतली दोन पाने शेजारी ठेवा : जुलैतले २/५ आणि ऑक्टोबरमधले ५/६. मुलाचे नाव अर्थातच झाकून. शेवटी सरावाची पाने दर शनिवारी घरी येतील, असे सांगा. त्यांना हवे होते ते तेवढेच, आणि तुम्हालाही तेच द्यायचे होते.

परीक्षेचे भय दाखवणारा एखादा पालक उठेलच. त्याला सांगा की केंद्रीय मंडळाच्या नववी-दहावीच्या मूल्यमापनात निम्मे वजन आता क्षमताधिष्ठित प्रश्नांना आहे, म्हणजे माहिती, तक्ता किंवा प्रसंग देऊन त्यावर विचार करायला लावणाऱ्या प्रश्नांना. दहावीची मंडळाची परीक्षा २०२६ पासून वर्षातून दोनदा घेण्याचे ठरले असून त्यांपैकी पहिली सक्तीची आणि दुसरी गुण सुधारण्यापुरती ऐच्छिक आहे. म्हणजे आठवीत केवळ साचे पाठ करून गेलेला मुलगाच पुढे अडचणीत येणार आहे. हे ऐकल्यावर तो पालक खाली बसतो. निदान माझ्या ओळखीचे दोघे तरी बसले.

फोटोंचे काय? आठवड्याला एक काढा, ग्रुपवर टाका आणि विसरून जा. त्यावर याहून अधिक विचार करण्याइतके ते महत्त्वाचे नाही.

उरला राजीनामा. १९७५ चा आराखडा आला, त्याच्या आगेमागे शाळेच्या गणितात संच (सेट) आले आणि ‘आता बेरीज-वजाबाकी कोण शिकवणार’ म्हणून आमचे ज्येष्ठ सहकारी हवालदिल झाले. १९८८, २००० आणि २००५ चे आराखडेही मी पाहिले. २००५ च्या वेळी प्रा. आर. रामानुजम यांच्या अध्यक्षतेखालील गटाने गणिताविषयी जे मांडले होते, की शाळेतल्या गणिताने मुलाच्या विचारालाच गणिती वळण द्यावे आणि त्याची भीती घालवावी, तेच आज नव्या शब्दांत तुमच्यापुढे आले आहे. त्या आराखड्यातून निघालेले २००६ चे पुस्तक वर्गात आले तेव्हा आमच्या स्टाफरूममधली पहिली तक्रार कोणती होती, सांगू? पुस्तकात गप्पा फार आणि उदाहरणे कमी. तुम्ही आज दार लावून ज्याच्या झेरॉक्स वाटता आहात, ते बहुधा तेच पुस्तक आहे.

तेव्हा यंदा अपूर्णांकांचा धडा होईपर्यंत तरी राजीनाम्याचा कागद दराजातच राहू द्या. धडा झाल्यावर तीन-चार चुकलेल्या उत्तरांची पाने मला पाठवा, मुलांची नावे झाकून. आणि प्रत्येक पानामागे लिहा, की चूक दिसल्यावर तुम्ही त्या मुलाला कोणता प्रश्न विचारला आणि त्यावर तो काय म्हणाला.